अरबी हारातला पिवळा मणी : ‘अंबर’ या नावाची पार्श्वभूमी

येमेन, ओमान आणि सौदी अरेबियातील जुन्या चांदीच्या हारांत पोवळी, अकीक आणि काचमणी यांच्या जोडीला सुपारीएवढे पिवळे मणीही ओवलेले आढळतात, आणि पारख करणारा बहुधा तिथेच फसतो. अकिकाचे फारसे अडत नाही; तो येमेनच्या डोंगरांतला असो वा खंबायतहून गेलेला, दगड तोच. पिवळ्या मण्याला मात्र सरसकट ‘अंबर’ म्हटले जाते.

मूळ अरबीत ‘अंबर’ म्हणजे स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारे सुगंधी द्रव्य. झाडाच्या अश्मीभूत राळेला फारसीतून आलेला शब्द ‘कहरुबा’, म्हणजे काडी ओढून घेणारा. आपला ‘तृणमणी’ अक्षरशः तेच सांगतो. युरोपीय भाषांनी, दोन्ही वस्तू समुद्रकाठी सापडतात म्हणून की काय, दोहोंना एकच नाव लावले, ते इंग्रजीवाटे आपल्याकडे रुळले आणि तृणमणी कोशापुरता उरला. घासल्यावर काडी ओढण्याच्या कसोटीवरही विसंबता येत नाही, कारण घासलेले प्लॅस्टिकही कागदाचे कपटे ओढते.

पुढे १९०९ मध्ये फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून बनवलेली कृत्रिम राळ जाहीर झाली आणि तिचे युरोपात घडवलेले मणी आफ्रिका व अरबस्तानच्या बाजारांत पोचले. हे मणी काळाच्या ओघात वरून लालसर होतात. भोकाच्या कडेला टवका उडाला असेल तर आतला फिकट पिवळा रंग दिसतो. सुटा मणी मिठाच्या दाट द्रावणात टाकला तर बुडतो, तृणमणी तरंगतो. कोपल नावाची कोवळी राळही तरंगते, पण ॲसिटोनचा थेंब पडताच ती चिकट होते. तापलेली सुई टोचून वास घेणारे मण्यावर कायमचा डाग ठेवतात, ते टाळलेलेच बरे.

अशा मण्याला ‘नकली’ म्हणावे का, यावर संग्राहकांत एकमत नाही. प्रस्तुत लेखकाला तो शब्द अन्यायाचा वाटतो, कारण मूळ ओवणीतला एक कृत्रिम मणीही हार १९०९ च्या आधीचा नाही हे निश्चित सांगतो, आणि तेवढी खात्री चांदी देत नाही. ती पुष्कळदा मारिया थेरेसा थेलर वितळवून मिळवलेली असे. हे सुमारे २८ ग्रॅमचे नाणे हारात तसेच लोंबतानाही दिसते. त्यावरचे १७८० हे साल पाहून हार अठराव्या शतकातला ठरवणारे आजही भेटतात, वास्तविक तेच साल घातलेली ही नाणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या टांकसाळीतही पाडली गेली होती.