'ओ' दिसतो पण 'ओ' नसतो : बॉम्बे ब्लड ग्रुप

ए, बी, एबी, ओ हे चार गट शाळेत शिकलो की ओ रक्त कुणालाही चालतं हे डोक्यात पक्कं बसतं. पण १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांना अशी माणसं सापडली की ज्यांना ओ सुद्धा चालेना. अँटी-ए टाका, अँटी-बी टाका (ए आणि बी ओळखायची चाचणीतली द्रव्यं), लाल पेशींच्या गुठळ्या होत नव्हत्या म्हणजे गट ओ, पण त्यांच्याच सीरममध्ये (रक्तातल्या पेशी वगळून उरणाऱ्या द्रवात) ओ गटाच्या पेशी टाकल्या की लगेच गुठळ्या! टेस्ट चुकली असेल म्हणून त्यांनी विषय सोडला नाही हे मला फार मोठं वाटतं. लंडनच्या रेस आणि सँगर या रक्तगट-संशोधक जोडीसोबत पुढचं काम झालं आणि त्याच वर्षी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पेपर आला.

आता कारण. ए आणि बी अँटीजेन (पेशीवरच्या गट ठरवणाऱ्या खुणा) थेट पेशीवर बसत नाहीत, आधी एच नावाचा पाया लागतो, आणि ओ वाल्यांकडे नुसता तो पायाच असतो, तोही भरपूर. बॉम्बे गटात एच तयार करणारा एफयूटी१ जीन आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेला आलेला असतो, त्यामुळे शरीर एचलाच परकं समजतं आणि त्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतं. ओ रक्त चढवलं तर त्या पेशी शिरेतच फुटतात, जिवावर बेतू शकतं.

आणि गंमत नाही, गंभीर गोष्ट आहे, अशा माणसाकडे बी चा जीन असू शकतो, फक्त पाया नसल्याने दिसत नाही, म्हणून कागदावर आई ओ, बाप ओ आणि मूल बी असं होऊ शकतं. नुसत्या रक्तगटावरून बायकोवर संशय घेणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायलाच हवं.

भारतात साधारण १०,०००मध्ये एक, युरोपात दहा लाखांत एक असं प्रमाण सांगतात. जवळच्या नात्यात लग्नं होतात तिथे जास्त. नुसत्या अँटी-ए, अँटी-बीच्या टेस्टमध्ये हा गट ओ म्हणूनच निघतो, त्यामुळे सीरम ओ पेशींसोबत तपासणं आणि क्रॉसमॅच (देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं रक्त आधी एकत्र करून पाहणं) टाळून चालत नाही. यांना रक्त फक्त बॉम्बे गटाचंच चालतं, म्हणून घरात एक सापडला की सख्ख्या भावंडांची टेस्ट आधी करावी, प्रत्येकाला २५ टक्के तरी शक्यता असते.