मेणवली: नाना फडणविसांचा वाडा आणि कृष्णेचा काठ

वाईच्या ढोल्या गणपतीला आलेली मंडळी बहुधा रिक्षा करून मेणवलीलाही जाऊन येतात. अंतर तीनेक किलोमीटर. घाटावर फोटो होतात, घंटा पाहून होते, वाड्यात फेरी होते आणि परतीच्या वाटेवर कुणीतरी विचारतेच, "पण नाना फडणवीस तर पुण्याचे ना? मग एवढा वाडा इथे कशाला बांधला?" प्रश्न रास्त आहे. पेशव्यांचा मुख्य कारभारी पुण्यात राहणार, पुण्यातही त्याचा वाडा असणार. मग सहा चौकांचा हा पसारा पुण्यापासून नव्वद-एक किलोमीटरवरच्या एका खेड्यात का?

उत्तराची सुरुवात एका इनामापासून होते. ४ डिसेंबर १७६८ रोजी औंधचे भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी मेणवली गाव नानांना इनाम दिले. नाना तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. देणारे कोण, हे नीट पाहायला हवे. प्रतिनिधी आणि मंत्री ही छत्रपतींच्या दरबारातली पदे, मानाने थोर. फडणवीस हा पेशव्यांचा, म्हणजे छत्रपतींच्या एका प्रधानाचा, हिशेबनीस. पद मुळात फर्दनविसाचे, जमाखर्चाच्या फर्दा लिहिणाऱ्याचे. जुन्या दरबारच्या मानकऱ्यांनी पेशव्यांच्या हिशेबनिसाला अख्खे गाव द्यावे, यावरून सत्तेचे पारडे साताऱ्याकडून पुण्याकडे किती झुकले होते ते कळते. नुसत्या औदार्याने गावे इनाम मिळत नाहीत. ज्याच्या हाती वसुलाचे कागद, त्याच्याशी बरे असलेले बरे, हा हिशेब त्या काळी सगळ्यांनाच कळत होता.

नानांचे घराणे भानूंचे, मूळ कोकणातले. मंडणगड तालुक्यातले वेळास हे त्यांचे गाव. हल्ली कासव महोत्सवासाठी लोक तिथे जातात, नानांसाठी क्वचितच. बाळाजी विश्वनाथ भट श्रीवर्धनहून घाटावर आले, त्यांच्याबरोबर भानू बंधूही आले आणि मिळेल त्यातली चतकोर भाकरी वाटून खाऊ असा करार झाला, अशी आख्यायिका आहे. नानांचे आजोबा बाळाजी महादेव १७१९ साली दिल्लीच्या स्वारीत मारले गेले. आजोबांचे नाव नातवाला मिळाले, तो हा बाळाजी जनार्दन. जन्म साताऱ्यातला, १२ फेब्रुवारी १७४२ चा. पानिपतावर तो तरुण वयात गेला, आईला तिथेच गमावून स्वतः जिवानिशी परत आला. अशा माणसाला पुण्यापासून जरा लांब, आपल्या हक्काची जागा असावी असे वाटले असेल, तर नवल नाही.

जागा मात्र त्याने पारखून घेतली. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा डोंगरातून सुटून इथे सपाटीवर येते. एका अंगाला पाचगणीचे पठार, दुसऱ्या अंगाला पांडवगड, वर धोम, खाली वाई. काळी कसदार जमीन, नदीचे पाणी, ऊस आणि हळद. वाईची हळद पूर्वापार नावाजलेली. हळद काढायच्या दिवसांत काहिलीत शिजवलेले कंद खळ्यावर वाळत घातलेले असतात आणि रस्त्याच्या कडेपर्यंत तो ओलसर, मातकट वास पसरलेला असतो. अशा गावाचा वसूल हा खात्रीचा वसूल.

शिवाय वाई म्हणजे आडगाव नव्हे. आदिलशाहीत तो सुभा होता. प्रतापगडाकडे निघालेला अफजलखान हा वाईचाच सुभेदार. पेशवाईत इथे रास्त्यांचे बस्तान. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच घराण्यातल्या, आणि ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधले. थोडे वर धोमला नरसिंहाचे देऊळ आणि कमळाच्या आकाराचे ते दगडी कुंड. म्हणजे नाना इथे आले तेव्हा कृष्णाकाठी घाट आणि देवळे बांधायची चढाओढ चालूच होती. साताऱ्याची गादी जवळ आणि घाट उतरले की कोकण. हे शेवटचे पुढे कामाला आले. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर पेशव्यांच्या गादीचा घोळ सुरू झाला, तेव्हा १७९६ मध्ये पुणे सोडलेले नाना सातारा, वाई असे करत महाडला उतरले आणि तिथे बसून त्यांनी डाव पुन्हा मांडला.

गाव मिळाल्यावर नानांनी त्याची वसाहत केली. वाडा बांधला, मागे कृष्णेवर चंद्रकोरीच्या आकाराचा घाट बांधला, काठावर दोन देवळे उभारली: एक विष्णूचे, एक मेणेश्वराचे, म्हणजे महादेवाचे. पुण्यातल्या बेलबागेतही त्यांनी विष्णूच स्थापला होता. या साऱ्याची रचना पाहताना हिशेबनिसाची शिस्त जाणवते. वाड्याच्या मागच्या दारातून निघाले की थेट घाटाच्या पायऱ्या. आंघोळ, पूजा, घर, सगळे एका रेषेत.

वाडा बाहेरून अंगावर येत नाही. दगडी जोत्यावर जाड भिंती, आत सागवानी खांब, वर कडीपाट, आणि एका चौकातून दुसऱ्या चौकात जाताना एकदम अंधार, मग एकदम ऊन. भर वैशाखात ओसरीवर टेकलात तर पाठीला भिंत गार लागते. माडीवर भिंतींवर चित्रे आहेत, गणपती, कृष्ण, देवादिकांची. काही ठिकाणी रंग अजून टवटवीत, काही ठिकाणी पोपडे निघून गेलेले. नानांचा म्हणून एक पलंगही दाखवतात. मला मात्र भिंतींतले कोनाडे आणि फडताळेच जास्त बोलकी वाटतात. दिवा, दौत, कागद ठेवायला जागाच जागा. घर कारभाऱ्याचे आहे, सरदाराचे नव्हे, हे तिथे उभे राहिले की पटते.

घंटेची गोष्ट वेगळी. घाटावर, मेणेश्वराच्या देवळाजवळ, एका दगडी बांधकामात ती टांगलेली आहे. पंचधातूची, वजन साधारण ६५० किलो. जवळ जाऊन पाहिले तर तिच्या अंगावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून कोकणातून वर देशावर आल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांना मिळाल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळातली तर म्हणीसारखी झाली आहे. मेणवलीची त्याच जातकुळीतली. मेरीचे चित्र कुणी घासून काढले नाही. महादेवाला नाद हवा होता, तो मिळाला. बाकीच्याची कुणाला अडचण वाटली नसावी.

नाना या वाड्यात फार राहिले असतील, असे त्यांचे चरित्र पाहता वाटत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाला, त्यानंतर बारभाईंचे कारस्थान, मग इंग्रजांशी लढाई, सालबाईचा तह, खर्ड्याची लढाई. पुण्यातून हलायला फुरसत कुठली? १७९७ च्या अखेरीस तर शिंद्यांच्या माणसांनी त्यांना दग्याने पकडून नगरच्या किल्ल्यात ठेवले. तिथून सुटून आल्यावर १३ मार्च १८०० रोजी पुण्यात त्यांचा मृत्यू झाला.

वाड्यात खरे आयुष्य काढले ते त्यांच्या मागे राहिलेल्या जिऊबाईंनी. नानांची अनेक लग्ने झाली, मूल मात्र जगले नाही. जिऊबाई सगळ्यांत धाकट्या. नाना गेले तेव्हा त्या अजाण पोर होत्या. दुसऱ्या बाजीरावाचा डोळा नानांच्या संपत्तीवर. लोहगडचा किल्लेदार धोंडोपंत नित्सुरे नानांच्या मिठाला जागला आणि त्याने जिऊबाईंना गडावर सांभाळले. पुढे इंग्रजांच्या जनरल वेलस्लीच्या मध्यस्थीने त्या सुखरूप खाली आल्या, पनवेलला राहिल्या. इंग्रजांनी वर्षाला बारा हजारांचे पेन्शन बांधून दिले. पेशवाई बुडाल्यावर त्या मेणवलीला येऊन राहिल्या, दत्तक घेतला, घराणे पुढे चालवले. ज्या इंग्रजांना नवरा आयुष्यभर हातभर लांब ठेवत आला, त्यांच्याच हमीवर बायकोचे घर टिकले. आपल्याकडच्या इतिहासात नानांवर ग्रंथ आहेत. जिऊबाईंच्या वाट्याला परिच्छेद येतो. इथेही तसेच झाले, हे मान्य.

खेड्यात असण्याचा वाड्याला फायदाच झाला. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. शहरातले कितीतरी वाडे भाडेकरू, वाटण्या आणि बिल्डर यांनी संपवले. मेणवलीत जागेला तसा भाव आला नाही, म्हणून लाकूड जागेवर राहिले. स्वातंत्र्यानंतर इनामे गेली, कूळकायदा आला, जमिनीचा आधार सुटला. कडीपाटाला वाळवी लागली की ती काढायचा खर्च आता वसुलातून निघत नाही, वंशजांनाच करावा लागतो. अलीकडे चित्रीकरणांनी थोडा हात दिला. वाईचा परिसर हिंदी सिनेमात बिहारातले गाव म्हणूनही दिसतो, आणि बघणाऱ्यांतल्या साताऱ्याच्या माणसाला घाट ओळखू आला की तो थेटरातच शेजाऱ्याला कोपर मारतो.

वाड्यातली सगळ्यांत मोलाची वस्तू मात्र आता वाड्यात नाही. नानांनी पत्रे, हिशेब, बातमीपत्रे जपून ठेवली होती. तेच मेणवली दप्तर. साताऱ्याचे इतिहाससंग्राहक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी ते मिळवले. त्यांच्या संग्रहाचे साताऱ्यात संग्रहालय झाले आणि १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवला गेला. उत्तर पेशवाईवर काम करणारा अभ्यासक आज मेणवलीला जातो तो घाट बघायला. कागद बघायचे तर त्याला येरवड्याला जावे लागते.