हमिंग, विद्युत गिटारमधील

विद्युत गिटार अ‍ॅम्प्लिफायरला जोडल्यावर, तारा छेडलेल्या नसतानाही, स्पीकरमधून खर्जातला जो अखंड घुमारा येतो त्याला हमिंग म्हणतात. त्याचे मूळ विजेच्या प्रत्यावर्ती प्रवाहात असते. बोलण्यात सूंसूं, खरखर आणि हमिंग यांची सरमिसळ होते, पण दोष शोधताना ती वेगळी धरावी लागतात. सूंसूं सुट्या भागांत उपजतच असते आणि वीजपुरवठ्याच्या कंप्रतेशी तिचा संबंध नसतो. खरखरीत मूळ कंप्रतेच्या वरच्या अनेक पटी मिसळलेल्या असतात. ती बहुधा डिमर, ट्यूबलाइट किंवा सदोष आवरणामुळे येते.

जगाच्या बहुतेक भागांत वीजपुरवठ्याची कंप्रता 50 हर्ट्‌झ आहे, उत्तर अमेरिकेत 60; जपानमध्ये दोन्ही आढळतात. पूर्णतरंगी रेक्टिफायर (प्रत्यावर्ती प्रवाह एकदिश करणारा भाग) आवर्तनाचे दोन्ही अर्ध वापरतो, म्हणून त्यापुढे उरणारी लहर दुप्पट, 100 किंवा 120 हर्ट्‌झची असते. हा फरक गिटारवरच पडताळता येतो. सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा (गिटारच्या मानेवरील आडव्या पट्टीवरचा) स्वर 98 हर्ट्‌झचा असतो. हमिंग त्याहून किंचित चढे लागले तर ते 100 हर्ट्‌झचे, सप्तकभर खाली लागले तर 50 हर्ट्‌झचे. 120 हर्ट्‌झचा स्वर त्याच तारेवर सहाव्या आणि सातव्या फ्रेटच्या दरम्यान पडतो. ही कसोटी उपयुक्त असली तरी निर्णायक मानू नये: लहान स्पीकर 50 हर्ट्‌झ जेमतेम वाजवतात आणि ट्रान्सफॉर्मरच्या क्षेत्रात 150 हर्ट्‌झचा अंशही असतो, त्यामुळे कान फसतो.

गिटारच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांखालच्या ध्वनिग्राहकात, चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. तारेच्या कंपनाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र हे वेटोळे टिपते आणि जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे क्षेत्रही तितक्याच इमानाने टिपते. म्हणून एका वेटोळ्याचा पिकअप फिरवला की हमिंग कमीजास्त होते. एका विशिष्ट कोनात ते जवळजवळ नाहीसे होते. पोकळीत तांब्याचा पत्रा चिकटवणे किंवा संवाहक रंग लावणे यांनी विद्युत क्षेत्रातून येणारी खरखर घटते. 50 हर्ट्‌झचे चुंबकीय क्षेत्र अशा पातळ आवरणाला जुमानत नाही. तारांना हात लावताच आवाज कमी होणे हा बिघाड समजला जातो, तो समज बरोबर नाही. वादकाचे शरीर भोवतालचे विद्युत क्षेत्र गोळा करते. अर्थशी (जमिनीशी जोडलेल्या वाहकाशी) जोडलेल्या तारांना स्पर्श झाला की तेच शरीर आडोसा बनते. उलट स्पर्शाने आवाज वाढत असेल तर जॅकवरील दोन तारांची अदलाबदल झाली आहे का, हे आधी पाहावे.

चुंबकीय हमिंगवरचा खरा उपाय दोन वेटोळ्यांचा पिकअप, म्हणजे हमबकर. एक वेटोळे दुसऱ्याच्या उलट जोडलेले असते आणि त्याच्या चुंबकाचे ध्रुवही उलट असतात. तारेचा संकेत दोनदा उलटून सरळ होतो व त्याची बेरीज होते. बाहेरचे हमिंग एकदाच उलटते व त्याची वजाबाकी होते. याचा जनक कोण, याबाबत मतभेद आहेत. लोकप्रिय लेखनात श्रेय गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांना दिले जाते. त्यांनी 22 जून 1955 रोजी पेटंटसाठी अर्ज केला आणि ते 28 जुलै 1959 रोजी मंजूर झाले. ग्रेच गिटारींवरील फिल्टरट्रॉन पिकअपचे कर्ते रे बट्स यांचा अर्ज जानेवारी 1957 चा, म्हणजे नंतरचा. त्यांचे पेटंट मात्र 30 जून 1959 रोजी, लव्हर यांच्याआधी सुमारे महिनाभर मिळाले. बट्स यांच्या बाजूचे लेखक त्यांचा पहिला नमुना गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्स यांच्यासाठी 1954 च्या सुमारास तयार झाल्याचे मानतात. हे ग्राह्य धरले तरी कल्पना दोघांचीही नव्हे. आर्नल्ड लेस्टी यांचे 1936 चे आणि बाल्डविन पियानो कंपनीच्या आर्मंड नॉब्लॉ यांचे 1938 चे पेटंट हेच तत्त्व मांडतात. स्पीकर व मायक्रोफोन यांत उलट वेटोळ्याने हमिंग मारण्याची युक्तीही 1930 च्या दशकातलीच. तेव्हा तत्त्व जुने, आणि लव्हर व बट्स यांनी ते एकमेकांपासून स्वतंत्रपणे गिटारवर रुजवले, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. दोन्ही वेटोळ्यांचे वेढे समान नसतील तर रद्दीकरण अपुरे राहते. आरंभीच्या गिब्सन पिकअपमध्ये अशी तफावत आढळते.

अ‍ॅम्प्लिफायरमधील हमिंगचे सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे वीजपुरवठ्यातील इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर वयोमानाने निकामी होणे. त्यांची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) घटली की लहर सपाट होत नाही आणि दुप्पट कंप्रतेचा घुमारा सुरू होतो. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मूळ कंप्रतेचे हमिंग बहुधा व्हॉल्व्ह (निर्वात नळी) तापवणाऱ्या तापकतंतूच्या 6.3 व्होल्टच्या प्रत्यावर्ती पुरवठ्यातून येते. त्याच्या दोन तारा पिळून संकेताच्या तारांपासून दूर नेतात आणि मध्यबिंदू अर्थ करतात. पुश-पुल रचनेतील (आळीपाळीने काम करणाऱ्या) दोन व्हॉल्व्हचे प्रवाह जुळलेले असले की पुरवठ्याची लहर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये आपोआप रद्द होते. एका व्हॉल्व्हच्या लहान अ‍ॅम्प्लिफायरला ही सोय नसल्याने त्यांच्यात थोडे हमिंग गृहीतच धरावे. रिव्हर्बची (प्रतिध्वनीचा परिणाम देणारी) स्प्रिंगपेटी ट्रान्सफॉर्मरशेजारी बसवली तर तिचे ग्राहक वेटोळेही पिकअपसारखेच वागते.

दोष कुठे आहे हे शोधताना साखळी अर्ध्यावर तोडत जावे. अ‍ॅम्प्लिफायरची गिटारकडून येणारी केबल काढली तरी हमिंग राहिले तर दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्येच आहे. व्हॉल्यूम शून्य करूनही ते तसेच राहिले तर पुरवठा किंवा अंतिम टप्पा संशयित. कमी झाले तर आधीचा टप्पा. केबल काढताच शांतता झाली तर गिटार, केबल किंवा पेडल (पायाने चालवायची परिणाम-पेटी). गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणल्याने आवाज गेला तर तो पिकअपमधून येत होता. पेडल एकेक करून वगळावेत. बॅटरीवर शांत असलेला पेडल अडॅप्टरवर हमिंग करत असेल तर दोष अडॅप्टरचा. दुरुस्तीसाठी अ‍ॅम्प्लिफायर उघडण्याचे काम जाणकारावर सोपवावे, कारण वीज बंद केल्यानंतरही कॅपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट शिल्लक असू शकतात.

दोन अ‍ॅम्प्लिफायर एकाच गिटारला जोडले असता अर्थच्या दोन वाटांनी वलय तयार होते आणि त्यात प्रवर्तित झालेला प्रवाह हमिंग म्हणून ऐकू येतो. यावर प्लगची अर्थपिन तोडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो जीवघेणा आहे: आत कुठे गळती झाली तर धातूच्या तारांसह संपूर्ण गिटार वीजवाहक होते आणि वादकाच्या हातात येते. अर्थ तोडायचाच तर तो केवळ संकेताचा, आणि तोही विलगक ट्रान्सफॉर्मर असलेल्या डीआय (थेट जोडणीची पेटी) किंवा विभाजक पेटीतून. जुन्या, दोन पिनांच्या प्लगच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हमिंग घटवण्यासाठी पुरवठ्याची एक तार आणि चासी (धातूचा सांगाडा) यांच्यात कॅपॅसिटर जोडलेला असे. तो शॉर्ट झाला की चासीवर थेट वीज येते. म्हणून तो काढून टाकतात आणि तीन पिनांची केबल बसवून चासी पक्की अर्थ करतात.