सहा तारांना एकच जवारी

तंबोऱ्याची जवारी लागल्याशिवाय ग्वाल्हेरचा गवई षड्ज लावत नाही. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा दोरा घालायचा, तो किंचित पुढे, किंचित मागे सरकवायचा, आणि एका ठरावीक जागी तार एकदम बोलू लागते. नुसता सा ऐकू येत नाही, त्यातून पंचम आणि गंधारही वर येतात. खर्जाच्या तारेतून निघणारा तो स्वयंभू गंधार कोणी छेडलेला नसतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत असा एखादा मिरजेचा तंबोरा गवसणीत उभा दिसतो, आणि हल्ली त्याच घरातला इंजिनियरिंगचा मुलगा जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून, सोल्डरिंग आयर्न तापवून गिटारचं पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी, पायाने चालू-बंद करायची डबी बनवत बसलेला असतो. पेडलमधून निघणारा फाटका आवाज आजोबांना सोसवत नाही. पण भौतिकशास्त्राच्या नजरेने पाहिलं तर नातू करतोय ते काम जवारीचंच आहे.

तार ज्या बिंदूवर छेडाल, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा (मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींच्या स्वरांचा) निस्पंद बिंदू, म्हणजे न हलणारी जागा येते ते उपस्वर आवाजात येणार नाहीत, हा थॉमस यंगचा नियम. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली कलकत्त्यातून दाखवून दिलं की आपली वीणा आणि तंबोरा हा नियम पाळत नाहीत. जे उपस्वर नसायला हवेत तेच ठणठणीत ऐकू येतात. कारण घोडी. व्हायोलिनची घोडी धारदार असते, तंबोऱ्याची रुंद आणि हलक्या उताराची. कंप पावणारी तार तिच्या पाठीला पुन्हा पुन्हा टेकते आणि सुटते, आणि या टेकण्यासुटण्यात नव्या कंपनसंख्या जन्माला येतात. जे आत गेलं तेच प्रमाणात मोठं होऊन बाहेर येत नाही, आकारच बदलतो. विज्ञानात अशा वागण्याला अरेषीय म्हणतात. एरवी इलेक्ट्रॉनिक्सचा सगळा खटाटोप हे वागणं टाळण्यासाठी असतो. फझ, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन ही पेडलं मात्र ते मुद्दाम घडवून आणतात.

घडवून आणायला लागतं फारच थोडं. गिटारच्या तारांखाली पिकअप असतो, त्यात चुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे पाच ते आठ हजार वेढे असतात. पोलादी तार त्याच्यासमोर हलली की वेढ्यांत वीज उपजते, फॅराडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तेच प्रवर्तन. ही वीज साधारण १०० ते २०० मिलिव्होल्टची, जोरात छेडलं तर क्षणभर १ व्होल्टच्या आसपास. पेडलमधली ४५५८ नावाची आठ पायांची आयसी ती शंभरेक पट वाढवते. मग बाहेर जाणाऱ्या वाटेवर दोन सिलिकॉन डायोड उलटसुलट तोंडं करून जमिनीला, म्हणजे ग्राउंडला जोडायचे. डायोडवर ०.६ व्होल्टपेक्षा जास्त दाब आला की तो वाहू लागतो आणि वरचं सगळं ग्राउंडला सोडून देतो. गोलाईदार लाट वरून आणि खालून सपाट कापली जाते. एक-दोन रुपयांचे दोन डायोड, बास.

कापलेल्या लाटेत काय असतं? गिटारची पाचवी तार मोकळी वाजवली तर मूळ कंपनसंख्या ११० हर्ट्झ. लाट दोन्ही बाजूंनी सारखीच कापली, तर तिच्यात ३३०, ५५०, ७७० अशा विषम पटींचे उपस्वर जोर धरतात. ११० ला सा धरा. तिप्पट म्हणजे ३३०, हा वरच्या सप्तकातला पंचम. पाचपट म्हणजे ५५०, हा त्याच्याही वरच्या सप्तकातला शुद्ध गंधार, तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार तोच. सातपटीचा ७७० हा कोमल निषादाच्याही किंचित खाली बसतो, आणि फझचा आवाज जो थोडा चरचरतो त्यात याचा आणि याच्या वरच्या मंडळींचा हात असतो. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन डायोड लावले की कापणी असमान होते आणि सम पटींचे उपस्वरही येतात. आवाज जरा भरीव वाटतो. हे सगळे उपस्वर छेडलेल्या तारेत आधीपासून थोडेफार असतातच, पेडल त्यांना पुढच्या रांगेत आणून बसवतं. मोबाइलवर ध्वनीचा वर्णपट दाखवणारं फुकट ॲप घ्या, आधी पेडल बंद ठेवून आणि मग चालू करून तीच तार वाजवा. ३३० आणि ५५० वरचे सुळके डोळ्यांदेखत उंच होतात. मग तोच मोबाइल तंबोऱ्यासमोर धरा.

इथवर आजोबा आणि नातू बरोबरीत. फरक पुढे आहे, आणि मला तोच सगळ्यात रंजक वाटतो.

तंबोऱ्याच्या चारही तारांना आपापला दोरा असतो. पंचमाची तार स्वतःपुरती झंकारते, जोडाच्या तारा स्वतःपुरत्या, खर्ज स्वतःपुरता. पेडलमध्ये सहा तारांची वीज एकाच वायरीतून येते आणि डायोडची एकच जोडी सगळ्यांना मिळून कापते. त्यामुळे प्रत्येक स्वराचे उपस्वर तर येतातच, शिवाय दोन स्वरांच्या बेरजा आणि वजाबाक्याही येतात. ११० चा सा आणि १६५ चा पंचम एकत्र वाजवले की वजाबाकी ५५, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. कोणी न वाजवलेला खर्ज मिळतो आणि आवाज जड, भारदस्त होतो. रॉक संगीतातले वादक फझ लावून नुसते सा-प का धरतात, त्याचं उत्तर हे आहे. आता त्यात गंधार घाला. गिटारच्या पडद्यांवरचा गंधार समान विभागणीच्या सप्तकातला, म्हणून १३७.५ ऐवजी सुमारे १३८.६ वर बसतो. त्याची दुप्पट करून त्यातून सा वजा केला की १६७.२ येतात, आणि शेजारी गिटारच्या पडद्यावरचा पंचम १६४.८ वर उभा असतो. दोघांमध्ये सेकंदाला दोन-तीन ठोके पडतात. असे पन्नास जोड एकाच वेळी भांडत असले की कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजवलेल्या स्वरांचा चिखल होतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक तारेला वेगळा पिकअप आणि वेगळा फझ. तशी यंत्रं १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलीही होती. घरी करायचं तर सहा सर्किटं बांधावी लागतील, पण करून बघण्यासारखं आहे.

फझचा उगम मात्र बिघाडात आहे. १९६० च्या अखेरीस नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सचं एक गाणं ध्वनिमुद्रित होत असताना मिक्सिंगच्या टेबलातलं एक चॅनेल बिघडलं आणि ग्रेडी मार्टिनच्या बेस गिटारचा आवाज फाटला. तो तसाच ठेवला गेला, आणि लोकांना आवडला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी मग हाच आवाज हुकमी काढणारं सर्किट तयार केलं. गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ म्हणून विकायला काढलं. त्यात तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर होते.

आणि जर्मेनियम म्हटलं की ग्वाल्हेरचा उन्हाळा आडवा येतो. १९६६ च्या लंडनच्या ‘फझ फेस’ या पेडलमध्ये दोनच ट्रान्झिस्टर, मोजके रेझिस्टर आणि कपॅसिटर, त्यामुळे घरी पेडल करणारा प्रत्येकजण कधी ना कधी त्याच्या वाटेला जातो. त्यात चालणारा एसी १२८ हा ट्रान्झिस्टर आपल्याकडच्या जुन्या रेडिओंत सापडतो. भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ पासून जर्मेनियमचे भाग बनवायला घेतले होते आणि त्यांचे एसी १२८ रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या डब्यांत अजून पडून असतात. अशा एका दुकानातल्या काकांनी पोरांना दिलेला सल्ला मला फार पटला: “मल्टिमीटरचा गेन बघून उड्या मारू नकोस रे. आधी गळती किती ते बघ.”

गेन म्हणजे ट्रान्झिस्टर धारा किती पट वाढवतो तो आकडा, गळती म्हणजे काही न देताच त्यातून वाहणारी धारा. ती मोजायची रीत सोपी आहे. बेस आणि कलेक्टर हे ट्रान्झिस्टरचे पाय, बेसला दिलेली धारा कलेक्टरवर वाढून येते. ९ व्होल्टची बॅटरी, कलेक्टरच्या वाटेत २.४७ किलोओहमचा रेझिस्टर, आणि बेस मोकळा. बेसला काहीच दिलेलं नाही म्हणजे विद्युतधारा शून्य हवी. सिलिकॉनमध्ये ती जवळजवळ शून्यच असते, जर्मेनियमच्या एखाद्या ट्रान्झिस्टरमध्ये मात्र रेझिस्टरवर ०.३ व्होल्ट दिसतात. मग बेसला २.२ मेगओहममधून चिमूटभर धारा द्यायची. समजा आकडा १.२ झाला. वजाबाकी ०.९, तिला शंभराने गुणलं की खरा गेन ९०. साध्या मीटरने गळतीही गेनमध्येच धरून १२० च्या आसपास सांगितलं असतं. आता तो ट्रान्झिस्टर नुसता चिमटीत धरा. ०.३ चा आकडा बघता बघता चढू लागतो, बोटांच्या उबेने.

जर्मेनियममधले इलेक्ट्रॉन मोकळे व्हायला सुमारे ०.६७ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा पुरते, सिलिकॉनमध्ये १.१२ लागते. म्हणून जर्मेनियम उष्णतेला हळवं. ढोबळ हिशेबाने दर १० अंशांना गळती दुप्पट. ग्वाल्हेरला जानेवारीच्या रात्री पारा ५ च्या आसपास उतरतो आणि मे महिन्यात ४५ गाठतो. चाळीस अंशांचा फरक म्हणजे गळती सोळापट. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर बॅटरीच्या निम्मे, साडेचार व्होल्ट असले तर लाट दोन्ही बाजूंनी नीट कापली जाते. गळतीने तो मध्य सरकला की सूर अडखळत, तुटक येतो आणि तार मंदावली की एकदम गप्प होतो. थंडीत झकास वाजलेलं पेडल गच्चीवरच्या उन्हाळी कार्यक्रमात मान टाकतं ते यामुळे. ‘जादुई’ जुन्या ट्रान्झिस्टरांना लोक वाट्टेल ते पैसे मोजतात. त्यातला निम्मा भाग मला शुद्ध अंधश्रद्धा वाटतो: गेन आणि गळती जुळली की कानाला छाप कळत नाही. पहिलंच पेडल करणाऱ्याने तर सिलिकॉन डायोडवालंच करावं.

बाकी त्रास गुरगुरीचा. प्लॅस्टिकच्या डब्यात सर्किट बसवलं की घरातल्या वायरिंगचे ५० हर्ट्झ आत शिरतात. लाईट गेली आणि स्वस्तातला इन्व्हर्टर चालू झाला की आणखी वाईट, कारण त्याची लाट मुळातच चौकोनी: १५०, २५०, ३५० असे त्याचे स्वतःचे विषम उपस्वर फझमध्ये दणदणतात. धातूचा डबा ग्राउंडला जोडला की बरंच शांत होतं.

आणि डबा आला की मिरवणं आलं. ओतीव ॲल्युमिनियमचा डबा मागवणारे मागवतात, इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या लोखंडी स्विचबॉक्सला भोकं पाडणारेही आहेत, आणि चहाच्या पत्र्याच्या डब्यातलं एक पेडल तर मी वाजवून पाहिलंय. गाडीच्या रंगाचा स्प्रे, वर नाव: ‘भुंगा’, ‘कर्कश’. एकाने मोडीत लिहून घेतलं होतं, जे त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. पण चार जाणकार जमले की कोणी रंग बघत नाही. पेडल उलटं केलं जातं, चार स्क्रू निघतात आणि पोट तपासलं जातं. चांगला डाख चकचकीत असतो आणि तांब्यावर सगळीकडे पसरतो. मळकट, गोळी झालेला दिसला की “ड्राय सोल्डर!” अशी आरोळी उठते. नऊ पायांच्या फूटस्विचच्या वायरी एका लांबीच्या, एका वळणाच्या आहेत का, तेही बघतात. आवाज सगळ्यात शेवटी.

अशाच एका डब्याच्या कुशीला बारीक भोक होतं, आत स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा प्रिसेट, मध्य पुन्हा साडेचार व्होल्टवर आणण्यासाठी. भोकाशेजारी मार्करने दोन खुणा केल्या होत्या, ‘मे’ आणि ‘जाने’. दोन्हींच्या मध्ये, वेगळ्या शाईत, तिसरी होती: ‘गणपती’.