भिंत सोपी, सांधा अवघड: जिप्सम बोर्डामागची सव्वाशे वर्षं

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की इंटिरियरवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सीलिंग पीओपीचं (प्लास्टर ऑफ पॅरिसचं) करायचं की जिप्समचं? खरं तर दोन्ही एकाच खनिजातून येतात. जिप्समच्या स्फटिकांत वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी अडकलेलं असतं. दीडशे अंश सेल्सियसच्या आसपास भाजलं की त्यातलं पाऊण पाणी निघून जातं आणि उरते ती पीओपीची पांढरी भुकटी. पाणी घातलं की ती पुन्हा घट्ट होते, म्हणजे परत जिप्समच होते. पॅरिसजवळच्या मोंमार्त्रच्या टेकडीत या दगडाच्या मोठ्या खाणी होत्या, म्हणून त्या शहराचं नाव या भुकटीला चिकटलं. जागेवर कालवून थापलं की पीओपी, आणि कारखान्यात दोन कागदांच्या मध्ये ओतून वाळवलं की बोर्ड.

बोर्ड येण्याआधी अमेरिकेतल्या लाकडी सांगाड्याच्या घरांत आतली भिंत करणं हे चिकाटीचं काम होतं. खांबांवर बोटभर अंतर सोडून लाकडी पट्ट्या ठोकायच्या आणि त्यांवर गिलावा दाबून बसवायचा. फटींतून मागे गेलेला माल तिथेच घट्ट होऊन आकड्यासारखा पट्ट्यांना धरून राही. आपल्या कोकणातल्या कुडाचंच हे चुलत भावंड. गिलाव्याचे तीन थर, प्रत्येक थर वाळण्याची वाट, आणि हवा दमट असेल तर आठवडेच्या आठवडे. तोवर सुतार आणि रंगारी हात बांधून बसलेले.

१८९४ साली ऑगस्टिन सॅकेट या अमेरिकन माणसाने कागद आणि प्लास्टर यांचे थर एकमेकांवर चढवून केलेल्या फळीचं पेटंट घेतलं. फळी साधारण तीन फूट चौरस आणि जेमतेम पाव इंच जाड. पण ती भिंत म्हणून विकली गेली नाही. लाकडी पट्ट्यांच्या जागी ही फळी ठोकायची आणि वरून नेहमीसारखा गिलावा करायचा, एवढाच तिचा उपयोग होता. त्यामुळे दोन फळ्यांमधल्या फटीचा कोणी फारसा विचार केला नाही. वरचा गिलावा सगळं झाकून टाकत होता.

युनायटेड स्टेट्स जिप्सम या कंपनीने १९०९ मध्ये सॅकेटचा धंदा विकत घेतला आणि पुढच्या काही वर्षांत बोर्डाचं रूप पालटलं. सॅकेटच्या फळीची कड उघडी असे, त्यामुळे ने-आण करताना ती झडायची. आता समोरचा कागद कडेवरून मागे वळवून चिकटवला जाऊ लागला. मधले कागदाचे थर गेले, आत एकसंध जिप्सम आलं. १९१७ पासून तो ‘शीटरॉक’ या नावाने बाजारात आला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या पलीकडे वॉलसी इथे ब्रिटिश प्लास्टर बोर्ड ही कंपनी सुरू झाली. भारतात जिप्रॉक या नावाने बोर्ड विकणाऱ्या फ्रेंच सेंट-गोबेनने २००५ मध्ये तीच कंपनी विकत घेतली.

बोर्ड तयार होता, पण लोकांना तो नको होता. गिलाव्याच्या भिंतीपुढे तो स्वस्तातला जुगाड वाटे, आणि मला विचाराल तर लोकांचं अगदीच चुकत नव्हतं. वरून गिलावा करायचा नाही म्हटल्यावर दोन बोर्डांमधली रेघ उघडी पडली, आणि ती लपवायला लाकडी पट्ट्या ठोकाव्या लागत. दालनभर चौकटी दिसत. १९३३-३४ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात अनेक इमारतींना बोर्ड लागला, पण त्या तात्पुरत्याच इमारती होत्या.

हे कोडं कडेतच सुटलं. बोर्डाच्या लांब बाजू कारखान्यातच किंचित उतरत्या केल्या. दोन बोर्ड शेजारी लावले की मध्ये उथळ पन्हळ तयार होते, जेमतेम एक-दीड मिलिमीटर खोल. त्यात जॉइंटिंग कंपाउंड, म्हणजे सांधे भरायचा लगदा, भरायचं, त्यावर कागदी टेप दाबून बसवायची, मग आणखी दोन हात, प्रत्येक हात आधीच्यापेक्षा रुंद. शेवटी हलकं घासायचं. पन्हळीमुळे टेप वर येत नाही आणि भिंत सपाट दिसते. आखूड बाजूंना मात्र हा उतार नसतो. तिथे टेपचा उंचवटा राहतोच, म्हणून माल दोन्हीकडे लांबवर पसरवून तो नजरेतून घालवावा लागतो. चांगला कारागीर असे आडवे सांधे एका ओळीत येऊ देत नाही. खिडकीतून तिरपा उजेड पडला की तिथेच चूक दिसते.

दुसऱ्या महायुद्धात माणसं कमी आणि काम तातडीचं, त्यामुळे बोर्डाला नाकं मुरडणं परवडेना. युद्धानंतर सैनिक परतले आणि घरं कमी पडली. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेविटाउनमध्ये १७,००० हून जास्त घरं उभी राहिली, तीही गिलाव्याऐवजी बोर्डावर. तिथून पुढे अमेरिकेत गिलावा करणारा गवंडी दुर्मीळ होत गेला.

सांध्याने एक वाईट अध्यायही दिला. कंपाउंडला तडे जाऊ नयेत म्हणून त्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू मिसळले जात. बोर्ड बसवणाऱ्यापेक्षा सांधा घासणाऱ्याच्या फुप्फुसात ती धूळ जास्त जाई. अमेरिकेने १९७७ मध्ये अशा कंपाउंडवर बंदी घातली.

आपल्याकडे विटांच्या भिंतींचा देश असल्याने भिंतीआधी बोर्ड छतालाच लागला, आणि एसी डक्ट व वायरिंग लपवायच्या ऑफिसांतून घरांत उतरला. बोर्डांसाठी आयएस २०९५ हे भारतीय मानक आहे. सहसा सहा बाय चार फुटांचा, १२.५ मिलिमीटर जाडीचा बोर्ड वापरतात. बोर्ड ज्यांवर बसतो त्या जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडी) सेक्शनांमध्ये ४५७ मिलिमीटर अंतर ठेवतात. हा भाग बहुतेक जण बरा करतात. गडबड होते ती पुढे. कागदी टेपऐवजी नुसती जाळी, कंपाउंडऐवजी उरलेलं पीओपी, आणि ताबा द्यायची घाई म्हणून पहिला हात सुकण्याआधीच दुसरा. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या दमट हवेत सुकायला दुप्पट वेळ लागला तरी वेळापत्रक बदलत नाही. मग वर्षभरात सीलिंगवर दोन बोर्डांच्या मधोमध सरळ, बारीक भेग येते आणि मालक बोर्डाच्या कंपनीला दोष देतो. दुरुस्तीला आलेला माणूस वरून पुट्टी ओढून रंग मारतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात ती तिथेच पुन्हा उघडते. सांधा उकरून टेप नव्याने बसवायची तर छत घासावं लागतं आणि घरभर पांढरी धूळ होते, म्हणून तो पर्याय सहसा कोणी सुचवतच नाही.