९ डिसेंबरला आम्ही दिवे का घालवतो, त्याची पार्श्वभूमी

मागच्या खेपेला आमच्यातल्या एकाच्या सुनेने विचारलं, तुम्ही सत्तरीला टेकलेली माणसं दर ९ डिसेंबरला पेटी-तबला घेऊन जमता, गाणी म्हणता, ते ठीक, पण मधेच उठून दिवे का घालवता, कोणाची पुण्यतिथी आहे का. आता पुण्यतिथी म्हणावी तर १९४ जणांची आहे, १९७१ च्या युद्धात बुडालेल्या खुकरी या आपल्या युद्धनौकेवरच्या. तिला चहा होईस्तोवर जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, पण ते अर्धवटच राहिलं, म्हणून जरा बैजवार लिहितोय.

१९७१ साली आम्ही नववीत. कुलाब्याकडची मराठी शाळा, वर्गात नेव्हीवाल्यांची, डॉकयार्डात कामाला जाणाऱ्यांची पोरं बरीच. ३ डिसेंबरला पाकिस्तानशी युद्ध सुरू झालं आणि मुंबईत ब्लॅकआउट आला. खिडक्यांच्या काचांना काळे नाहीतर खाकी कागद, गाड्यांच्या हेडलाइटला वरच्या अर्ध्या भागात काळा रंग, भोंगा वाजला की जिथे असाल तिथे दिवा बंद. अभ्यास नाही याचा आम्हाला मनातून आनंदच, खोटं कशाला बोला. अख्ख्या चाळीची पोरं गॅलरीत बसायची आणि अंधारात गाण्याच्या भेंड्या चालायच्या, त्यात मोठी माणसंपण घुसायची. कोण गातंय ते दिसायचं नाही, आवाजावरून ओळखायचं.

पहिल्या आठवड्यात नेव्हीच्या बातम्या जोरात होत्या. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या छोट्या मिसाइल बोटींनी कराचीवर हल्ला केला, पाकिस्तानची खैबर ही विनाशिका बुडवली, म्हणूनच तर ४ डिसेंबरला नौदल दिन असतो. मग ८ तारखेच्या रात्री विनाश या बोटीने पुन्हा कराची गाठून तेलाच्या टाक्या पेटवल्या. गंमत म्हणजे तेव्हाचे नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा लहानपणी कराचीच्याच मनोरा बेटावर वाढलेले, म्हणजे ज्या बंदरात पोरवयात फिरले त्याच्यावरच हल्ल्याचा हुकूम द्यायची वेळ आली. १९४७ ला देशाबरोबर नेव्हीचीही वाटणी झाली होती, त्यामुळे दोन्हीकडच्या सीनियर लोकांनी एकाच दलात उमेदवारी केलेली.

पण याच सुमारास दीवच्या बाहेरच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी असल्याचा सुगावा तिच्या वायरलेस सिग्नलवरून लागला होता. ती होती हंगोर, फ्रेंच बनावटीची, तेव्हाच्या मानाने एकदम नवी. तिला शोधायला मुंबईहून खुकरी आणि किरपाण या दोन फ्रिगेट, म्हणजे मधल्या आकाराच्या युद्धनौका, निघाल्या. या फ्रिगेट मुळात पाणबुड्या शोधायलाच बांधलेल्या, पण ब्रिटनमध्ये, १९५८ च्या आसपास. पाण्याखालचा आवाज पकडणारं त्यांचं सोनार जुनं, त्याचा पल्ला कमी, आणि हंगोरला मात्र या दोघी लांबूनच ऐकू येत होत्या. म्हणजे शिकाऱ्यापेक्षा सावजाचे कान तिखट. त्यात खुकरीवर सोनारचा पल्ला वाढवण्यासाठी एका नव्या उपकरणाची चाचणी चालू होती आणि त्यासाठी जहाज हळू चालवावं लागत होतं असं सांगतात. यावर जाणकारांचे वाद अजून मिटलेले नाहीत, आणि आमच्यात ज्याचे वडील डॉकयार्डात फिटर होते तो तर या विषयावर तासभर बोलू शकतो, त्याला आवरावं लागतं.

९ डिसेंबरच्या रात्री, पावणेनऊच्या सुमाराला, हंगोरचा टॉर्पेडो खुकरीला लागला. लागोपाठ स्फोट झाले, वीज गेली, आणि काही मिनिटांत जहाज पाण्याखाली. खाली मेसमध्ये, इंजिनरूममध्ये जे होते त्यांना वर यायला वेळच मिळाला नाही. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला तेव्हा ४५ वर्षांचे. जेवढ्यांना ढकलून बाहेर काढता आलं तेवढ्यांना काढलं, स्वतःचं लाइफ जॅकेट एका खलाशाला दिलं आणि आपण ब्रिजवरच, म्हणजे जहाज चालवायच्या जागीच, थांबले. वाचलेल्यांनी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथे, त्यांच्या खुर्चीत. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. ६ अधिकारी आणि ६१ खलाशी वाचले, त्यांना दुसऱ्या दिवशी कचाल या नौदलाच्याच आणखी एका जहाजाने आणि किरपाणने पाण्यातून उचललं. कॅप्टन मुल्लांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. स्वातंत्र्यानंतर लढाईत गमावलेली आपली ही एकमेव युद्धनौका, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडवली ती जगात पहिल्यांदा इथेच.

आमच्यापर्यंत हे आलं ते कसं, तर आधी नुसती कुजबुज, की एक जहाज गेलं. कुठलं ते नाही. आमच्या वर्गातल्या एकीचे वडील नेव्हीत, तेव्हा समुद्रावर होते. ती दोन दिवस रोज संध्याकाळी आमच्या चाळीत येऊन बसायची, कारण तिच्या घरी आई काही बोलतच नव्हती. भेंड्या चालू असायच्या, तिच्यावर अक्षर आलं की आम्ही गुपचूप पुढच्याला द्यायचो. तिचे वडील दुसऱ्याच जहाजावर होते, नंतर सुखरूप आले. पण त्या दोन दिवसांत आम्हा सगळ्यांना पहिल्यांदा कळलं की जहाज बुडणं म्हणजे काय, आणि ती आजही म्हणते की वडील आले त्याचा आनंद झाला तेव्हाच वाटलं, मग ज्यांचे नाही आले त्या मुली कुठे बसल्या असतील. दिवे घालवायची पद्धत तिने पाडली, आम्ही रिटायर व्हायला लागल्यावर पुन्हा जमू लागलो तेव्हा.

आता गाण्यांकडे येतो, कारण खरी गोची तिथे आहे. आमच्या पिढीला सगळ्यांना तीच तीच स्फूर्तिगीतं पाठ असायचं कारण १९६२ चं चीनचं युद्ध. त्यानंतर रेडिओवर, शाळांत, मैदानांवर समरगीतांचा पूर आला. कवी प्रदीप यांनी लिहिलेलं, आपल्या सी. रामचंद्रांनी चाल लावलेलं ‘ऐ मेरे वतन के लोगों’ लताबाईंनी २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत गायलं. त्याच वर्षी ‘छोटा जवान’ सिनेमातून गदिमांचं ‘जिंकू किंवा मरू’ आलं, चाल वसंत देसाईंची. वसंतराव शाळेतल्या मुलांना मोठ्या संख्येने एकत्र करून समूहगान गाऊन घ्यायचे, त्यामुळे चालींसकट ही गाणी आमच्या अंगात मुरली. पण नीट ऐका, ही सगळी गाणी जमिनीवरच्या लढाईची. बर्फ, हिमालय, सरहद्द, बंदूक. समुद्रात बुडालेल्या माणसाचं त्यात कुठे काही नाही. ‘सागरा प्राण तळमळला’ आहे, पण ती सावरकरांची १९०९ सालची ब्राइटनच्या किनाऱ्यावरची घरची ओढ, तिचा युद्धाशी संबंध नाही. नौदलाचं बोधवाक्य ‘शं नो वरुणः’ उपनिषदातलं, वरुण आमचं भलं करो म्हणून, पण ते काय भेंडीत चालत नाही.

मग आम्ही उसनवारी करतो. सुरुवात जिंकू किंवा मरूने, सगळे मोठ्याने, निम्मे बेसूर. आणि दिवे घालवले की ती मैत्रीण एकटी ‘वादळवारं सुटलं गो’ म्हणते. शांता शेळक्यांनी लिहिलेलं, हृदयनाथांची चाल, लताबाईंचा आवाज, खरं तर कोळीगीत, नेव्हीचा त्यात उल्लेखसुद्धा नाही. पण घरधनी दर्यावर आणि बाई इथे जागी, एवढं त्यात आहे आणि आम्हाला ते पुरतं.

एक मात्र आहे, खुकरीवरच्या माणसांची समाधी अशी कुठे नाही, जहाजासकट सगळे समुद्रातच राहिले. म्हणून दीवला टेकडीवर समुद्राकडे तोंड करून काचेच्या पेटीत खुकरीची प्रतिकृती ठेवलीय, तेच स्मारक. त्याच नावाची दुसरी खुकरी आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधली, १९८९ ला ती नौदलात आली तेव्हा कॅप्टन मुल्लांच्या पत्नी समारंभाला होत्या. ३२ वर्षं नोकरी करून २०२१ च्या डिसेंबरात ती निवृत्त झाली आणि पुढच्या महिन्यात दीवच्या प्रशासनाकडे दिली, लोकांना बघता यावी म्हणून. तिकडे हंगोर पण कराचीच्या संग्रहालयात उभी आहे. दोन्हीकडची शाळेतली पोरं सहलीला जाऊन बघत असतील.

आम्ही नऊ जण दीवला जाऊन आलो. वारा एवढा की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. फिटरचा मुलगा काचेला नाक लावून सोनारची जागा दाखवत होता, बाकीचे नावं वाचत होते. कोणीतरी त्या मैत्रिणीला म्हणालं, अगं म्हण की. तिने सुरू केलं, आम्ही मागे ओढलो, पण दुसऱ्या कडव्याला ती थांबली आणि पुढचे शब्द आमच्यापैकी एकालाही येत नव्हते, इतकी वर्षं तिच्या एकटीच्याच भरवशावर होतो ना. मोबाइलला रेंज नव्हती. मग फिटरच्या मुलाने भेंड्यांतल्यासारखं शेवटचं अक्षर पुढच्याला दिलं.