धुरावरून भांडणारे शेजारी देश आणि त्यामागचं पाणी

2015 साली मराठवाड्याला पावसानं दगा दिला आणि पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातूरला पाणी आणावं लागलं. 2015 च्याच एल निनोनं, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून आपल्याकडचा पाऊस हटतो त्या घडामोडीनं, इंडोनेशियात सुमात्रा आणि बोर्निओ ही बेटंही वाळवली. तिथे सुमारे 26 लाख हेक्टर जमीन जळाली आणि धुरानं सिंगापूर, मलेशियात शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आपल्याकडे ते दुष्काळाचं वर्ष होतं, तिकडे धुराचं.

धूर म्हटला की आपल्याला आठवतं ते उसाचं पाचट. खोडवा ठेवायच्या आधी हेक्टरी आठ-दहा टन पाचट रानात पडलेलं असतं. कुट्टी करून कुजवायचं म्हटलं तर युरिया, सुपर फॉस्फेट, जिवाणूखत आणि मजुरी लागते. काडी लावली की तासाभरात रान मोकळं. पण पाचटाची आग वरवरची. जाळ उंच जातो आणि लगेच विझतो.

इंडोनेशियातली आग उकिरड्यासारखी असते. वरून राख दिसते, पण आत काठी खुपसली की धग लागते आणि दोन दिवसांनी भलत्याच बाजूनं धूर निघतो. तिथली जमीन म्हणजे पीट. हजारो वर्षं पाण्यात बुडालेला, अर्धवट कुजलेला झाडपाला, काही ठिकाणी दहा मीटरहून जाड. पाण्यात आहे तोवर तो पेटत नाही. पाणी उतरलं की वरचा थर सुकतो, आणि एकदा कडक सुकला की पुन्हा सहज पाणी धरत नाही. मग ठिणगी पडली तर आग खाली उतरते. आत हवा कमी, त्यामुळे जाळ कमी आणि धूर जास्त. हेलिकॉप्टरमधून टाकलेलं पाणी वरच्या वर राहतं. अशी आग विझते ती ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस जोरात लागल्यावरच.

हे पाणी उतरवलं कुणी? शेतकऱ्यांनी आणि पाम तेलाच्या बागावाल्यांनी चर खोदलेच, पण सगळ्यात मोठं काम सरकारी होतं. 1995 मध्ये अध्यक्ष सुहार्तो यांनी बोर्निओ बेटावरच्या मध्य कालिमंतान प्रांतातल्या सुमारे 10 लाख हेक्टर पीट-जंगलात भातशेती करायचं फर्मान काढलं. जंगल तोडलं, हजारो किलोमीटर कालवे खणले. कागदावर ते सिंचनाचे कालवे. पण पीटची जमीन मधे फुगीर, घुमटासारखी असते. घुमट कापून कालवा काढला की तो पाणी देत नाही, घुमटातलं पाणी ओढून नदीला नेऊन सोडतो. आम्लट पीटमध्ये भात आलाच नाही. दोन वर्षांत, 1997 ला, एल निनो आला.

त्या सप्टेंबरात मलेशियाच्या कुचिंग शहरात प्रदूषण निर्देशांक 839 वर गेला. 300 च्या वर घातक समजतात. कुचिंग ज्या राज्यात आहे त्या सारावाकमध्ये आणीबाणी पुकारली. सुहार्तो यांनी शेजाऱ्यांची जाहीर माफी मागितली, आणि त्यांच्यासारख्या हुकूमशहानं ती मागावी यावरूनच प्रकरण किती चिघळलं होतं ते कळतं. धूर कोणत्या दिशेनं जाणार हेही ठरलेलं: जून ते सप्टेंबर नैऋत्येचे वारे सुमात्राकडून थेट सिंगापूर आणि मलेशियावर जातात.

त्यातून 10 जून 2002 ला क्वालालंपूरमध्ये आसियान या आग्नेय आशियाई गटातल्या देशांनी धुराविरुद्ध करार केला. तो नोव्हेंबर 2003 मध्ये लागू झाला. त्यात देखरेख आहे, माहितीची देवाणघेवाण आहे, मदत पाठवायची सोय आहे. पण मदत आत येणार ती यजमान देशाच्या संमतीनंच, आणि वाद मिटवायचा तो आपसात बोलून. दंड नाही, न्यायालय नाही. आणि ज्याच्या रानातून धूर निघतो त्या इंडोनेशियानं करार मंजूर केला तो थेट 2014 मध्ये. म्हणजे पहिली बारा वर्षं बांधावरच्या पंचायतीत मुख्य भाऊबंदच हजर नव्हता.

जून 2013 मध्ये सिंगापूरचा निर्देशांक 401 वर गेला. सिंगापूरनं तक्रार केल्यावर इंडोनेशियाच्या एका ज्येष्ठ मंत्र्यानं त्यांना लहान मुलासारखं वागू नका असं सुनावलं, आणि काही दिवसांतच अध्यक्ष युधोयोनो यांनी माफी मागितली. 2015 मध्ये उपाध्यक्ष युसुफ कल्ला म्हणाले की शेजारी अकरा महिने आमची स्वच्छ हवा घेतात तेव्हा आभार मानत नाहीत, एक महिना धूर झाला की कुरकुर करतात. बोलणं उर्मट होतं. पण त्यामागे एक खरी अडचणही होती: आगी लागलेल्या काही बागांमध्ये सिंगापूर आणि मलेशियातल्या कंपन्यांचाच पैसा होता.

म्हणून सिंगापूरनं देशाला सोडून कंपनीला धरलं. 2014 च्या कायद्यानुसार धूर सिंगापुरात आला तर जबाबदार कंपनीला, ती कुठलीही असो, दिवसाला 1 लाख सिंगापूर डॉलरपर्यंत आणि एकूण 20 लाखांपर्यंत दंड होतो. उपग्रहाच्या चित्रात आग, नकाशावर कंपनीची जमीन आणि वाऱ्याची दिशा जुळली की आग तिचीच असं गृहीत धरतात. नाही हे कंपनीनं सिद्ध करायचं. घोडं अडतं ते नकाशावर. कोणत्या तुकड्याचा परवाना कुणाकडे, हे सांगणारा खात्रीचा सातबारा इंडोनेशियाकडून मिळाला तर पुढचं सगळं.

या भांडणाचं जुनं उदाहरण म्हणून कॅनडातल्या ट्रेल गावचा खटला सांगतात. तिथल्या शिसं-जस्ताच्या भट्टीचा गंधकाचा धूर कोलंबिया नदीच्या खोऱ्यातून अमेरिकेत उतरायचा आणि वॉशिंग्टन राज्यातल्या शेतकऱ्यांची पिकं करपायची. धुराडी 409 फूट उंच केली, तर धूर आणखी लांब गेला. 1938 आणि 1941 च्या निवाड्यांत लवादानं भरपाई दिली आणि सांगितलं की आपल्या भूमीचा वापर शेजारच्या देशाला धुरानं इजा होईल असा करायचा हक्क कुठल्याही देशाला नाही. पण तिथे धुराडं एका मालकाचं होतं. हजारो रानांतून उठणाऱ्या धुराला हे तत्त्व लावायला गेलं की हातात काही उरत नाही. जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी निदान दरवाजाशी मोजता येतं.

भारत-पाकिस्तानच्या पंजाबातही धुराचं मूळ पाण्यातच सापडतं. भूजल खाली चाललं म्हणून आपल्या पंजाबनं 2009 मध्ये कायदा केला: भाताची लावणी 10 जूनच्या आधी करायची नाही. हेतू चांगला. पण लावणी पुढे गेली तशी कापणीही, आणि गव्हाच्या पेरणीआधी हातात दोन-तीन आठवडेच उरले. हार्वेस्टर कणसं घेतो, उभी धसकटं आणि सैल पेंढा रानात ठेवतो. तो न जाळता पेरणी करायला हॅपी सीडर नावाचं यंत्र आहे, पण त्याला मोठा ट्रॅक्टर लागतो आणि सगळ्या गावाला ते एकाच पंधरवड्यात हवं असतं. मग काडी. वर तेव्हा थंडी पडून वारा मंदावलेला असतो आणि धूर जमिनीलगत साचतो.

वारा कुणाचा, यावर दोन्हीकडे सोयीची उत्तरं आहेत. डिसेंबर 2021 मध्ये उत्तर प्रदेश सरकारच्या वकिलानं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की दूषित हवा पाकिस्तानातून येते. सरन्यायाधीशांनी विचारलं, मग पाकिस्तानातले कारखाने बंद करायचे का? 2024 मध्ये लाहोरचा निर्देशांक 1000 च्या वर गेला तेव्हा तिकडच्या मुख्यमंत्री मरियम नवाझ भारतीय पंजाबशी बोलायचं म्हणत होत्या. पराली, म्हणजे भाताचा पेंढा, सीमेच्या दोन्ही बाजूंना जळते आणि लाहोरची वाहनं, वीटभट्ट्या लाहोरच्याच आहेत. दक्षिण आशियात सीमा ओलांडणाऱ्या दूषित हवेबद्दल 1998 ची माले घोषणा आहे, तिच्यातही दंड नाही. मोजणीचंही तसंच: आगी टिपणारे मुख्य उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास वरून जातात. चारला लावलेली काडी त्यांच्या यादीत बरेचदा येतच नाही.

इंडोनेशियानं 2016 मध्ये पीट पुन्हा भिजवण्यासाठी स्वतंत्र संस्था नेमली. काम साधं दिसतं: कालव्यावर लाकडी फळ्यांचे आडवे बांध घालायचे, मधे माती भरायची, म्हणजे पाणी घुमटातच थांबतं. जमिनीत छिद्रांचा पाइप पुरून पातळी मोजतात, आणि नियम असा की पाणी जमिनीपासून 40 सेंटिमीटरपेक्षा खाली जाऊ नये. बागावाल्यांची तक्रार अशी की इतक्या ओलीत पामची मुळं गुदमरतात, त्यांना पाणी आणखी खाली हवं. आणि त्या पामच्या तेलाचं जगातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आपला देश आहे. लातूरच्या आडतीत सोयाबीनचा भाव काढताना त्या तेलाचा दर आधी बघतात.